पाठीमागे मूठ नाही

पहिल्या भेटीत मिस्त्रींनी माझ्या अंगावर पेरू फेकला. त्यात राग नव्हता. मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून नमस्कार करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी समोरच्या टोपलीतला एक पेरू उचलला आणि काही न बोलता माझ्याकडे उडवला. माझ्या दोन्ही हातांत एक कागद होता. पेरू छातीवर आदळला आणि पायरीवरून गडगडत रस्त्यावर गेला.

"जाम झेलला नाय," ते म्हणाले. आमच्या भागात पेरूला जाम म्हणतात. "दोन्ही हात कागदात गुंतलेत. काय लिवलंय?"

कागदावर माझ्या धाकट्या बहिणीची, वत्सलेची, मापे होती. लहानपणीच्या तापात तिच्या दोन्ही पायांतले बळ गेले होते. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी हे मिस्त्री हाताने फिरवायच्या तीनचाकी गाड्या घडवतात, असे मी ऐकून होतो. माझे शिक्षण पाठशाळेतले आणि व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवण्याचा. म्हणून मापे मी अंगुळांत लिहिली होती. आसनाची रुंदी, पाठीची उंची, भूमीपासूनचे अंतर, सारे सुवाच्य अक्षरांत. शेवटी एक ओळ होती : 'उजव्या हाताने चालविण्याजोगी असावी.'

मिस्त्रींनी कागद आडवा-उभा करून पाहिला.

"गुरुजी, मूर्ती घडवायची हाय का?"

"नाही. बहिणीसाठी गाडी करायची आहे."

"मग बहीण कुठं हाय?"

"घरी."

"मग मापं बी तिथंच हायेत. ह्या कागदात नायत." कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो माझ्या खिशात ठेवला. "तिथं कोपऱ्यात माठ हाय. पाणी प्या."

'पाणी प्या' याचा त्या दुकानातला अर्थ मला पुढे कळला. जे स्वतः गाडीत बसणार नसत आणि तरीही बोलत, त्यांना मिस्त्री माठाकडे पाठवीत. त्या दिवसांत मी फार पाणी प्यालो.

शहराचे नाव तेव्हा वेगळे होते आणि वाळूजकडे कारखान्यांची दाटी नुकती होऊ लागली होती. मिस्त्रींचे दुकान गुलमंडीच्या मागच्या बोळात होते. त्यावर पाटी नव्हती. मूळचे ते करमाडच्या अंगाचे, मेंढपाळाच्या घरातले. पोलीस ॲक्शननंतरच्या ओढाताणीत कळप गेला, तेव्हा ते शहरात आले आणि सायकली दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध उस्तादांच्या हाताखाली राहिले. "पाना उस्तादनं दिला," ते सांगत, "पर नजर दिली मेंढरांनी." दूरवरून चालणाऱ्या कळपात कोणत्या मेंढीच्या कोणत्या पायात काटा आहे हे ज्याला दिसत नाही, तो मेंढपाळ कसला, असे त्यांचे म्हणणे. दुकानात बसून ते रस्त्यावरच्या माणसांची चाल पाहत. "तो टपालवाला बघा. डावा गुडघा. पावसाळ्यात बोंबलंल." आणि श्रावणात तो टपालवाला खरोखरच काठी टेकत येई.

आपल्या गाडीला ते 'सवारी' म्हणत आणि गाडीत बसणाऱ्या माणसालाही 'सवारी'च म्हणत. दोहोंना एकच शब्द का, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, "उस्ताद म्हणायचे, पहले सवारी, फिर गाडी. मी गाडी म्हणायचंच सोडून दिलं." मी त्यांना 'हस्तचालित त्रिचक्री' असा शुद्ध शब्द सुचवला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, दोन्ही वेळा मध्येच अडखळले, आणि म्हणाले, "एवढं म्हणोस्तोवर सवारी सिटी चौकात पोचंल, गुरुजी."

नवे गिऱ्हाईक आले की ते पाय कशाने गेले, हे विचारीत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे : "कुठं जायचं?" उत्तर येईपर्यंत ते थांबत. कोणी 'कुठंबी' म्हटले, तर सांगत, "कुठंबी हे गाव मला ठाव नाय. रस्ता सांगा." मग तो रस्ता ते स्वतः जाऊन पाहून येत. उंबरा किती उंच, नाली किती रुंद, वळण कोणत्या हाताचे, चढ किती. त्यानंतर सवारीला जमिनीवर बसवून तिच्याभोवती खडूने गाडीची पूर्ण आकृती काढीत. त्या आकृतीवर गाडी पुरी होईपर्यंत कोणाला पाय ठेवू देत नसत.

त्यांच्या गाडीला एक वस्तू कधीच नसे. इतरत्र मिळणाऱ्या तीनचाकींना पाठीमागे ढकलण्यासाठी मूठ असते. मिस्त्री ती बसवत नसत. एकदा माझ्यादेखत एक बागायतदार आपल्या वडिलांना घेऊन आले होते. वडिलांचा एक पाय मांडीपासून काढलेला होता.

"मागं एक मूठ बसवा, मिस्त्री," बागायतदार म्हणाले. "घरात चार गडी हायेत ढकलायला."

"चार गडी हायेत म्हणूनच नाय बसवत."

"कामून?"

"मूठ दिसली की माणसाचा हात जातो. मग म्हाताऱ्याला जायचं असतं बाजारात, आन् तुम्ही नेता दवाखान्यात."

मागे सतरंजीवर बसलेले वृद्ध गृहस्थ मोठ्याने हसले. "खरं हाय बाबा ह्याचं. काल मला न इचारता न्हाव्यापुढं नेऊन बसवलं. डोक्यावर केसच नायत माझ्या!"

"आन् चढ लागला तर?" बागायतदारांनी चिडून विचारले.

"सवारी थांबंल. दम खाईल. तुम्ही बी चढाला थांबताच की."

मलाही ती मूठ हवी होती. माझे कारण मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, निराळे आणि पवित्र होते. आमच्या मातोश्रींनी शेवटच्या दिवशी माझा हात धरून सांगितले होते, "वत्सूला एकटं सोडू नकोस." ते वाक्य मी मंत्राप्रमाणे धारण केले. विवाह केला नाही. प्रत्येक सणाला वत्सलेला पाठीवर घेऊन गल्लीबाहेरच्या देवळात जायचे आणि गाभाऱ्याला तीन प्रदक्षिणा घालायच्या, हा नेम मी वर्षानुवर्षे पाळला. आता पन्नाशीनंतर माझी पाठ साथ देईनाशी झाली होती. गाडी असली तर मी तिला ढकलत नेईन, प्रदक्षिणा खंडित होणार नाही, एवढाच माझा विचार होता.

"कुठं जायचं तिला?" मिस्त्रींनी विचारले.

"देवळात. प्रदक्षिणेला."

"तिनं सांगितलं?"

इतक्या वर्षांत मी तिला विचारले नव्हते. देवळात जायचे का, हे कोणी विचारते का?

"पाणी प्या, गुरुजी," मिस्त्री म्हणाले. "परवा मी येतो घरी."

ठरल्याप्रमाणे ते आले तेव्हा वत्सला उंबऱ्यापाशी बसून रांगोळी काढत होती. मी दोघांचा परिचय करून देण्यास आरंभ करीत होतो. मिस्त्रींनी खिशातून जाम काढला आणि तिच्याकडे उडवला.

वत्सलेने तो झेलला. डाव्या हाताने, मान वर करायच्या आतच. मग तिचा उजवा हात लगबगीने पुढे आला, त्याने डाव्यातला जाम काढून घेतला, आणि डावा हात पदराखाली गेला.

"तो हात का लपवला, ताई?"

"ती उजवीच आहे," मी मध्ये पडलो. "लेखन, भोजन, पूजा, सारे उजव्या हाताने..."

"गुरुजी, घरात माठ असंल ना?"

वत्सला हसली. परक्या माणसासमोर तिला हसताना मी फार दिवसांनी पाहिले. "जन्मतः मी डावखुरी," ती म्हणाली. "जेवताना आई सुती पट्टीनं हा हात मागं बांधून ठेवायची. डाव्या हातानं नैवेद्याला शिवायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही. पुढं पट्टीची गरज राहिली नाही. पण घाईत हाच पुढं येतो."

"ताकद कशात हाय?"

"यातच."

मिस्त्रींनी आपले मनगट पुढे केले आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने दाबायला सांगितले. "लई दिवस कैदेत होता," ते म्हणाले, "पर शाबूत हाय." माझ्या खिशातल्या कागदावरची शेवटची ओळ तेव्हा मला आठवली. ती मी जाणूनबुजून लिहिली होती. गाडीची दांडी डाव्या हाताला असली तर शेजारीपाजारी कळेल, देवळात कळेल, एवढेच मनात होते. तिचे पाय दैवाने बांधले. हात मात्र आम्ही बांधला होता. उजव्या हाताने गाडी ओढायचा प्रयत्न करून ती गल्लीच्या तोंडापर्यंतही पोहोचली नसती, आणि तो दोषही मी तिच्या दुबळेपणाला दिला असता.

"आता सांगा ताई. कुठं जायचं?"

वत्सलेने माझ्याकडे पाहिले. मिस्त्री उठले आणि आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्याकडे पाठ करून, उभे राहिले. त्या रुंद पाठीपलीकडून मला तिचा स्वर ऐकू आला.

"गुलमंडीला. दोरा घ्यायला."

"दोरा तर गुरुजी आणत्यात."

"आणतो ना. मी कुंकवाचा रंग सांगते आणि दादा शेंदराचा आणतो. बारा वर्षं आणतोय. त्याला दोन्ही पूज्य, म्हणून दोन्ही सारखेच."

"मग त्या शेंदरी दोऱ्याचं काय करता?"

"मारुती काढते. आमच्या गल्लीत घरोघरी माझ्या कशिद्याचे मारुती आहेत. मला एकदा लक्ष्मीचं लुगडं भरायचंय."

मिस्त्रींची पाठ हसण्याने हलत होती. "अजून काय?"

"आणि परत कधी यायचं ते मी ठरवीन."

"हां," मिस्त्री म्हणाले. "हा झाला रस्ता."

खडू त्यांनी आणला नव्हता. म्हणून तिच्याच डब्यातली रांगोळी घेऊन त्यांनी ओटीवर तिच्याभोवती आकृती काढली. तीन चाके, आसन, छातीच्या उंचीची दांडी, डाव्या अंगाला फिरवायचे पॅडल, उजव्या अंगाला ब्रेक. वत्सलेला उचलून आत नेल्यावरही ती आकृती तशीच राहिली. गाडी पुरी होईपर्यंत तिला ओलांडायचे नाही, हा नियम मीही पाळला. ओटीवरून जाता-येता मी तिला वळसा घालीत असे. काही दिवसांनी वत्सलेनेच हसत दाखवून दिले : मी प्रत्येक वेळी त्या रिकाम्या आसनाला, प्रदक्षिणेसारखी, उजवी घालून जात होतो.

गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी मिस्त्री ती स्वतः एक दिवस वापरून पाहत, आणि त्या दिवशी आपले दोन्ही पाय उपरण्याने एकत्र बांधून घेत. बाजारातली माणसे थट्टा करीत, "काय मिस्त्री, पाय गेले का?" ते उत्तर देत, "आजच्यापुरते." बांधलेले पाय ते घरी परतेपर्यंत सोडत नसत, चहा प्यायलासुद्धा उतरत नसत.

वत्सलेची सवारी अशी तपासून ते संध्याकाळी आमच्या दारात आले. मुद्रा संतप्त होती आणि डोळ्यांत विलक्षण आनंदही होता.

"गुरुजी, आज काय झालं ठाव हाय? गुलमंडीत नालीपाशी थांबलो होतो. चाक कसं काढावं त्याचा विचार करत होतो. कारखान्यातली पाळी संपवून बजाजनगरवरून आलेली दोन जवान पोरं आली. भली पोरं. त्यांनी मला सवारीसकट उचललं आन् समोरच्या देवळाच्या पायरीशी नेऊन ठेवलं. 'बसा काका,' म्हणले."

"मग?"

"मग काय! मला जायचं होतं पलीकडं, दोऱ्याच्या दुकानात. कुणी इचारलंच नाय. लंगडा दिसला की त्याला देवळाशी नेऊन ठेवायचं, असं सगळ्यांनीच ठरवलंय जणू."

ते माझ्याकडे रोखून पाहत नव्हते. उपरण्याची गाठ सोडण्यात गुंतले होते. वाक्य मात्र माझ्यापाशी येऊन थांबले. वर्षानुवर्षे मी त्या दोन तरुणांसारखाच एक होतो, फक्त अधिक स्तोत्रे म्हणणारा. देवाच्या दारी नेऊन ठेवलेला आणि देवाच्या दारी आलेला, या दोघांना देव एकच मानीत असेल; पण त्या दोघांना आपल्यातला भेद ठाऊक असतो. हे मला कोणत्याही पाठशाळेत शिकवले गेले नव्हते.

मिस्त्री जाऊनही आता बराच काळ लोटला. ते गेले त्या सकाळी त्यांच्या बोळात चालत आलेल्या माणसांपेक्षा सवाऱ्याच अधिक होत्या, आणि एकीच्याही पाठीमागे कोणी उभे नव्हते. बोळाच्या तोंडाशी चढ आहे. तिथे प्रत्येक सवारी थांबली, तिने दम घेतला, आणि ती पुढे गेली. मागच्यांनी वाट पाहिली. मंत्रघोष करायला मी गेलो होतो. पण पुष्कळ वेळ मी नुसता उभा राहून ते पाहत होतो.

त्यांचे स्मरण झाले की मला मात्र तो दिवस आठवत नाही. आठवतो तो वत्सलेच्या पहिल्या प्रवासाचा दिवस.

त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली होती; ती निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. वीसेक पावले मागे राहून जाईन, तिच्या लक्षातही येणार नाही, असे मी ठरवले होते. गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे देऊळ आहे आणि डावीकडचा रस्ता गुलमंडीला जातो. वत्सलेचा डावा हात पॅडलवर फिरू लागला. वर्षानुवर्षे पदराखाली राहिलेला तो हात उन्हात फिरताना मी प्रथमच पाहिला. तोंडाशी ती क्षणभर थांबली आणि डावीकडे वळली.

मिस्त्री कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसले होते. तिथे का बसले आहेत, हे मला तेव्हा उमगले नाही.

"गुरुजी, कुठं निघालात?"

"असाच... जरा..."

"तुम्हांला कुणी बोलावलंय?"

"मी आईला शब्द दिला आहे, मिस्त्री. तिला एकटी सोडणार नाही म्हणून."

सरकून त्यांनी ओट्यावर जागा केली. "आईनं सोडू नको म्हणलं. मागं मागं जा, असं म्हणली का? बसा. हितं बसलात तरी तुम्ही तिला सोडलं असं कुठं व्हतंय?"

मी बसलो. तो काळ किती होता, ते मला सांगता येत नाही. मनात मी नामस्मरण करीत होतो, आणि दृष्टी डावीकडच्या रस्त्यावरून हलत नव्हती. एक नाली, दोन रिक्षा, एक मोकाट गाय, प्रत्येक गोष्टीत मला अपघात दिसत होता. शाळेची मधली सुट्टी होऊन मुले आली आणि गेली. मिस्त्री जाम खात होते. एकदा मी उठलो, तेव्हा त्यांनी न पाहताच माझे उपरणे धरले.

"ती नाही आली तर?" मी विचारले.

"येईल. कधी ते ती ठरवंल."

"दादा!"

आवाज उजवीकडून आला. मी इतका वेळ डावीकडे डोळे लावून बसलो होतो, आणि वत्सला उजवीकडून, देवळाच्या बाजूने, आली होती. गुलमंडीवरून मोठा वळसा घेऊन, कोणी न सांगता, ती देवळावरून आली होती. मांडीवर दोऱ्याची गुंडी होती. तो रंग पाहून मला प्रथमच कळले की कुंकू आणि शेंदूर यांत एवढा फरक आहे. कपाळ घामाने भिजले होते, आणि पदर खांद्यावरून घसरला होता, याचे तिला भान नव्हते.

आमच्या गल्लीत शिरताना छोटासा चढ आहे. तिथे सवारी थांबली. मी धावत तिच्यापाशी गेलो.

"प्रदक्षिणा नाही घातली," ती म्हणाली. "पुजाऱ्यांनी उचलून नेऊ का विचारलं. मी म्हटलं, आज दारातूनच. हे घे." तिने हात पुढे केला. तळव्यावर खडीसाखर होती. तो डावा हात होता. माझी दृष्टी तिला कळली असावी. "उजवा ब्रेकवर आहे, दादा. सोडला तर मागं जाईन."

मी प्रसाद घेतला. जन्मभर ज्या विधीत माझ्या हातून कधी चूक झाली नव्हती, तो विधी. घेतल्यानंतर माझ्या ध्यानात आले की खडीसाखर माझ्याही डाव्या तळहातावर आहे. मग माझा उजवा हात कुठे होता? तो तिच्या आसनाच्या पाठीमागे गेला होता, आणि तिथल्या गुळगुळीत पत्र्यावर, नसलेली मूठ चाचपत होता.

मिस्त्रींनी ओट्यावरून ते पाहिले होते. ते उठून आले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"गुरुजी, तो हात काढा. सवारीला चढायचंय."

मी हात काढला. वत्सलेने दम घेतला, ब्रेक सोडला, आणि तिचा डावा हात फिरू लागला. सवारी अंगुळभर मागे आली, थांबली, आणि मग वर चढली. ती घराकडे वळेपर्यंत मी तिथेच होतो. मग डाव्या तळहातावरची ती खडीसाखर मी भर रस्त्यात, उभ्यानेच, तोंडात घातली.